फेडून टाकलेली माफी

माझ्या नातीचं कर्ज सरकार माफ करणार होतं, आणि माझ्या मुलानं ते फेडून टाकलं. नागपूरला बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुझं बिघडलं कुठं? लोकांची पोरं बापाला कर्जात घालतात, तुझा पोरगा लेकीला कर्जातून काढतो." तिला समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला, पण ती काही समजली नाही. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे मला समजलं नाही ते मी लिहिणार नाही, आणि लिहीन ते कुणालाही समजेल.

आम्ही नोव्हायला राहतो, डेट्रॉइटच्या बाहेर. इथं आपल्या लोकांची घरं एकसारखी, हिरवळ एकसारखी, आणि घरातला पुरुष गाडीच्या कुठल्या तरी भागाचा इंजिनिअर. कुणी ब्रेकचा, कुणी सीटचा. माझा मुलगा दरवाज्यांचा. उभा जन्म गाडीचे दरवाजे करण्यात गेला, आणि घरच्या गॅरेजचं दार अडकलं की माणूस बोलावतो.

नात वकील आहे. वकील म्हटलं की लोकांना काळा कोट आणि पैसा दिसतो. हिचा कोट काळा होता, बाकी काही नव्हतं. डेट्रॉइटमधल्या एका संस्थेत ती काम करायची. घरमालक ज्यांना घराबाहेर काढतात त्यांच्या बाजूनं कोर्टात उभं राहायचं, हे काम. भाडेकरूंकडे फी द्यायला पैसे नसतात, म्हणून पगार संस्था द्यायची. संस्थेकडेही पैसे नसायचे, म्हणून कमी द्यायची.

एकदा मी तिच्याबरोबर कोर्टात गेले होते. भाडेकरू म्हणजे सगळे बिचारे असं कुणी समजू नये. एक माणूस महिनोन्‌महिने भाडं थकवून नवाकोरा मोठा फोन मिरवत बसला होता. पण त्याच बाकावर एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. तिच्या घरातली हीटिंग बंद पडली होती, मालक दुरुस्त करीना, म्हणून तिनं भाडं थांबवलं, म्हणून मालक तिला घराबाहेर काढायला निघाला. मालकाचा वकील गुळगुळीत कपड्यांत. तो बोलला तेव्हा जज मान हलवत होता. मग माझी नात बोलली, तर जज तिच्याकडेही बघून मान हलवायला लागला. म्हातारी घरात राहिली आणि हीटिंग दुरुस्त झाली. बाहेर आल्यावर तिनं नातीला मिठी मारली आणि मला म्हणाली, तुमची पोरगी फार हुशार आहे. मी म्हटलं, हुशार असती तर तुमच्या मालकाची वकील झाली असती. नातीनं त्याचं इंग्रजी भाषांतर करून सांगायला नकार दिला.

आता कर्जाचं सांगते. इथं वकिलीचं शिक्षण म्हणजे एखादं घर विकत घेण्यासारखं. ती शिकत होती तेव्हा कंपनीनं माणसं कमी केली आणि मुलाची नोकरी गेली होती. म्हणून तिनं सरकारकडून कर्ज काढलं. बरोबरच्या मुली मोठ्या कंपन्यांत गेल्या. ही संस्थेत गेली, कारण सरकारचा तसा कायदाच होता. दहा वर्षं लोकांच्या उपयोगाची नोकरी करा, शाळेत, सरकारी दवाखान्यात, नाहीतर अशा एखाद्या संस्थेत. पगार कमी असेल तर हप्ताही कमी. दहा वर्षं झाली की उरलेलं कर्ज माफ. "आजी, इट्स अ डील," ती मला म्हणाली होती.

सौदा मला कळतो. तरुणपणी मी विड्या वळल्या आहेत. आम्ही हजार विड्या नेऊन द्यायचो, ठेकेदाराचा माणूस त्यातल्या मूठमूठ नापास करून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत, आणि विड्याही परत मिळत नसत. त्या तो विकायचा. नातीच्या हप्त्यांचं हुबेहूब तसंच. सरकारनं वसुलीला एक कंपनी नेमलेली. ती कंपनी मधूनच कळवायची की तुमचे अमुक महिन्यांचे हप्ते धरले नाहीत, कारण तेव्हा तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या योजनेत होता. पैसे मात्र घेतलेले. नात भांडायची, कागद पाठवायची, काही छाट परत पदरात पाडून घ्यायची. एवढं शिकून ती शेवटी माझ्याच धंद्यात आली, असं मला वाटायचं.

मुलगा रोज संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लावतो. इंग्रजी मला जेमतेम कळतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. दोन माणसं समोरासमोर बसवतात. एक म्हणतो, प्लंबरनं वकिलांचं कर्ज का भरायचं? आमच्याकडे येणारा प्लंबर एका खेपेला जे घेतो ते बघितलं तर त्यानं माझ्या नातीला दत्तक घ्यायला हरकत नव्हती. दुसरी बाई म्हणते, हे शिक्षक, हे नर्स, हे आपले हिरो आहेत. हिरो म्हटलं की समजावं, पगार वाढणार नाही. एक पक्ष सगळ्यांचं माफ करू म्हणाला होता, ते कोर्टानं अडवलं. दुसरा पक्ष आला, तो म्हणाला, माफी ठेवू, पण कुठली संस्था खरी लोकसेवा करते आणि कुठली बेकायदा कामाला हातभार लावते ते आम्ही ठरवू. नातीची संस्था कागदपत्रं नसलेल्या भाडेकरूंच्याही केसेस घ्यायची. त्यामुळे तिला धाकधूक होती. पण तिचे थोडेच महिने राहिले होते. येत्या उन्हाळ्यात दहा वर्षं पुरी होत होती. ती म्हणायची, "आजी, फक्त समरपर्यंत. मग ते काय वाट्टेल ते करू देत."

या सगळ्याची घराबाहेर वाच्यता नव्हती. लेक काय करते असं कुणी विचारलं की मुलगा म्हणायचा, "लॉमध्ये आहे." आणखी खोदलं तर, "हाउसिंग लॉ." ऐकणाऱ्याला वाटायचं, मोठमोठ्या इमारतींच्या खरेदी-विक्रीत असेल. तो समज मुलगाही काढत नसे आणि सूनही नाही. कर्जाचं तर नावच नाही.

मग ते पॉटलक आलं. पॉटलक म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ करून आणायचा आणि दुसऱ्याच्या पदार्थाची तारीफ करत आपल्या पदार्थाच्या ट्रेवर लक्ष ठेवायचं. त्या दिवशी एका डॉक्टरच्या घरी होतं. हा डॉक्टर आपल्याच लोकांतला, साठीचा, बोलका. त्याची स्वतःची क्लिनिकं आहेत. बायका वर स्वयंपाकघरात, पुरुष खाली बेसमेंटमध्ये, अशी इथं पद्धत. पण मला जिना चढउतार करायचा कंटाळा. एकदा खाली बसवलं की मी खालीच बसते. त्यामुळे पुरुष काय बोलतात ते मला सगळं माहीत असतं.

तिथंही टीव्ही चालू आणि तोच विषय. डॉक्टर हातात भजी घेऊन म्हणाला, "माझं म्हणणं एकदम सिंपल आहे यार. लोन घेतलंस ना? मग फेड. मी घेतलं असतं तर मी फेडलं असतं."

मी विचारलं, "तुम्हाला डॉक्टर व्हायला किती कर्ज लागलं?"

"आम्हाला? अहो मावशी, आमचं गव्हर्नमेंट कॉलेज. फी काय हो, फीपेक्षा मेसचं बिल जास्त यायचं!"

"मग ते पैसे कुणी भरले?"

"सरकारनं."

"आणि त्याच्या बदल्यात खेड्यात नोकरी करायची असते ना? बाँड का काय ते?"

यावर सगळे हसले, कारण ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. डॉक्टर प्रत्येक पार्टीत स्वतःच सांगतो. खेड्यातल्या दवाखान्यात नेमणूक झाली, तो बसनं गेला, दवाखान्यात म्हैस बांधलेली बघितली आणि त्याच बसनं परत आला. वडिलांनी दंड भरला, हा अमेरिकेच्या परीक्षेला बसला. त्या दिवशीही त्यानं म्हशीचा आवाज काढून दाखवला. छान काढतो.

"आणि करोनात तुमच्या क्लिनिकचं कर्ज माफ झालं ना?" मी म्हटलं. हेही काही गुपित नव्हतं. त्या वर्षी त्यानंच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, अर्ज करा, फ्री मनी आहे, नंतर माफ करतायत.

"मावशी, तो विषय वेगळा," डॉक्टर म्हणाला. "ती माफी नव्हती, तो रिलीफ होता. आम्ही बिझनेसवाले. आम्ही लोकांना नोकऱ्या देतो, इकॉनॉमी चालवतो."

"मग माझी नात काय इकॉनॉमी थांबवते?"

"तुमच्या नातीचा काय संबंध?"

"तिचंच माफ होणार आहे. उन्हाळ्यात."

मुलगा समोरच उभा होता, हातात कागदी प्लेट. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, प्लेटीकडे बघितलं. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. डॉक्टर मोठ्यानं हसला आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, बोलला नाहीस कधी! म्हणजे तुझ्याच घरात सरकारचे जावई आहेत की!"

सगळे हसले. जी पोरं इथंच जन्मली त्यांनी विचारलं, म्हणजे काय, आणि त्यांना कुणीतरी इंग्रजीत समजावलं, तर ती आणखी हसली. मुलगाही हसला. मी त्याची आई आहे, ते हसू मी ओळखते.

आम्ही बौद्ध. मुलगा शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला. शिष्यवृत्तीचा पैसा वेळेवर यायचा नाही, मग हॉस्टेलच्या मेसमध्ये थकबाकीवाल्यांची नावं फळ्यावर लागायची, आणि हा जेवायला आला की पोरं ताटं वाजवून म्हणायची, "सरका रे, सरकारचे जावई आले." मी त्याला सांगून पाठवलं होतं की हा तुझा हक्क आहे, मान खाली घालू नकोस. त्यानं मान खाली घातली नाही. पहिल्या वर्गात पास झाला. पण आमच्याकडच्या लग्नात खऱ्याखुऱ्या जावयाला कुणी जावई म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. डॉक्टरला हे माहीत होतं का? नसावं. अशी माणसं मुद्दाम फारसं बोलत नाहीत. त्यांचं सहज बोलणंच पुरतं.

आम्ही परत निघालो. घराच्या वळणावर मुलगा म्हणाला, "आई, तुला काय गरज होती?"

"मी खोटं बोलले का?"

"खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

सून म्हणाली, "जाऊ द्या हो. ट्रे तिथंच राहिला आपला." आणि तेवढ्यावर तो विषय संपला असं आम्हा दोघींना वाटलं.

नातीचा वाढदिवस जवळ आला होता. ती रविवारी जेवायला आली. मुलानं स्वतः जाऊन केक आणला होता. एरवी केक सून आणते. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. नातीनं वाचलं आणि हसली. "डेट फ्री? बाबा, कर्ज संपायला अजून टाइम आहे. आधीच सेलिब्रेट करायचं नसतं. नजर लागते ना, आजी?"

मी म्हटलं, आपण नजरबिजर मानत नाही.

मुलानं फोन काढून तिच्या हातात दिला. तिच्या कर्जाच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे होता. इथले आपले बाप मुलांचे टॅक्स स्वतः भरतात. मूल म्हातारं झालं तरी पासवर्ड बापाच्या डायरीत. नातीनं फोन बघितला, खाली ठेवला, परत उचलला.

"बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"फेडलं," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. "सगळं. एका फटक्यात. आता कुणाची बोलायची टाप नाही."

"कोण बोलत होतं?"

मुलानं केक तिच्यापुढे सरकवला. "हॅपी बर्थडे," म्हणाला.

"बाबा, ते माफ होणार होतं. समरमध्ये!"

"माफ होणार, माफ होणार! दहा वर्षं ऐकतोय. सरकार बदललं की नियम बदलतो. उद्या तुझी संस्था यादीतून उडवली असती म्हणजे?"

"तर मी भांडले असते. आय ॲम अ लॉयर!"

"आपल्याला कुणाचं फुकट नको."

नात उठून उभी राहिली. तिचं मराठी रागात सुधारतं. "फुकट? मी दहा वर्षं अर्ध्या पगारावर काम केलं. दॅट वॉज द डील. माफ होणार होता तो माझा राहिलेला पगार होता, बाबा. तुम्ही माझा पगार सरकारला परत दिलात. आणि त्यासाठी पैसे तुम्ही भरलेत!"

सून इतका वेळ केक कापायची सुरी हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण एवढे आणले कुठून?"

"रिटायरमेंटमधून काढले."

"सगळे?"

"थोडे आहेत अजून."

सुनेनं सुरी खाली ठेवली. ते बरं झालं.

सगळे आपापल्या खोलीत गेले. नात गाडीत जाऊन बसली, पण गाडी चालू करेना. केक मी कापला आणि खाल्ला. चांगला होता. पैसे गेले म्हणून केक कशाला वाया घालवायचा.

दुसऱ्या दिवशी नातीनं रजा घेतली आणि आमच्याच स्वयंपाकघरात बसून त्या वसुली कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर. आधी बराच वेळ गाणं. मग एक बाई आली, ती म्हणाली, काँग्रॅच्युलेशन्स. नातीनं तिला सगळं सांगितलं. बाईनं परत गाणं लावलं. मग एक पुरुष आला, तोही म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स. नातीनं परत पहिल्यापासून सांगितलं. पैसे चुकून भरले गेले, परत घ्या, कर्ज होतं तसं करून द्या. तो म्हणाला, असं कुणी आजवर मागितलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं की कर्ज असलं तर माफ करता येतं. तुमचं तर काही उरलंच नाही. उरलं नाही ते माफ कसं करणार? नातीनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा मला तो माणूस आवडला. दहा वर्षांत त्या कंपनीचं हे पहिलंच बोलणं होतं जे सरळ होतं.

तिनं लेखी अर्जही केला. त्याचं उत्तर म्हणून एक छापील अभिनंदनाचं पत्र आलं.

मुलगा तेव्हा अगदी खूश होता असं नाही, पण ताठ होता. पुढच्या पॉटलकमध्ये त्यानं स्वतःहून सांगितलं, आम्ही लोन क्लिअर केलं, सरकारचा एक डॉलर घेतला नाही. डॉक्टरनं त्याला मिठी मारली. "याला म्हणतात बाप!" म्हणाला. "नाहीतर हे अमेरिकन बघा. सगळं फुकट पाहिजे." आणि परत भजी आणायला वर गेला.

घरात वेगळंच चाललं होतं. नात दर महिन्याला बापाच्या खात्यात पैसे टाकायला लागली. सरकारला द्यायची तेवढाच हप्ता. मुलगा ते परत तिच्या खात्यात टाकायचा, ती परत याच्या खात्यात. शेवटी एके दिवशी जेवताना तो चिडला. "मी काय सावकार आहे? मला तुझा हप्ता नको."

"मग माफ करा."

"माफच आहे. बापलेकीत कसली माफी?"

"असं नाही. म्हणा, की दहा वर्षं तू काम केलंस, ते तुझे आहेत. तुझे तुला मिळाले. म्हणा."

मुलगा भात कालवत राहिला.

सून म्हणाली, "माफीबिफी करायच्या आधी माझं ऐका. यांचे गुडघे गेलेत. पुढच्या वर्षी रिटायर होणार होते, आता होता येत नाही. घराचा टॅक्स आहे, यांच्या औषधांचा इन्शुरन्स आहे. मी काही माफीच्या विरुद्ध नाही. पण पैसा शेवटी कुठून तरी यायला पाहिजे ना?"

टीव्हीवरची ती दोन माणसं आता आमच्या टेबलाशी जेवायला होती, फरक इतकाच की यांनी एकमेकांना भात वाढला. मी मुलाला म्हटलं, "म्हणून टाक ना. चार शब्दच आहेत." तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस, आई. एकदा पडलीस तेवढं पुरे." मी पडले होते आणि बरोबर पडले होते. पण तो आपल्या लेकीचं काम चार लोकांत सांगू शकला नव्हता, तर चार भिंतींत कसं सांगणार? त्यानं भाजी मागितली. नातीनं वाढली आणि परत तो विषय काढला नाही.

हीच गोष्ट बहिणीला फोनवर समजेना. सरकारचं कर्ज डोक्यावर घेऊन माझी नात इतकी वर्षं निवांत झोपली, कारण ते ती कामातून फेडत होती. बापाचं कर्ज तिला झोपू देईना. सरकारचे गुडघे दुखत नाहीत. बाप पहाटे जिना उतरताना कठडा धरून थांबतो, ते ती आमच्याकडे राहायला आली की तिला वरच्या खोलीत ऐकू जातं. त्या वसंतात तिनं संस्थेचा राजीनामा दिला. जी मुदत पुरी करायला ती दिवस मोजत होती, ती भरायच्या आत तिनं काम सोडलं, कारण मुदतीला आता काही अर्थच उरला नव्हता. नोव्हायच्याच एका कंपनीत लागली. ही कंपनी गाड्यांचे वायपर करते. वायपर देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी एकमेकांना फसवू नये म्हणून करार लिहायचे, हे काम. पगार पहिल्याच्या दुपटीहून जास्त. हप्ता वाढवला. बापानं या वेळी परत पाठवला नाही.

मी तिला विचारलं, "बरं वाटतं का?"

"आजी, डेंटल इन्शुरन्स खूप चांगला आहे," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "शेवटी लाइनवर आली." त्याचा आवाज मात्र पडलेला होता.

तिच्या जागी संस्थेनं बरेच दिवस कुणाला घेतलंच नाही, कारण त्या पगारात यायला कुणी तयार नव्हतं. आधी निदान कर्जमाफीचं आमिष होतं. आता नवे वकील विचारायचे, माफी नक्की मिळणार का, आणि संस्थेला सांगता यायचं नाही. मग नात शनिवारी तिथं जायला लागली. कागद तयार करून द्यायचे, लोकांना कोर्टात काय बोलायचं ते शिकवायचं. पैसे न घेता.

ही बातमी मात्र मुलानं लपवली नाही. "व्हॉलंटिअर करते," असं तो सगळ्यांना सांगायला लागला. लोकांना फार आवडलं. ज्या बायका आधी "हाउसिंग लॉ म्हणजे नेमकं काय हो?" विचारायच्या, त्या आता आपल्या पोरींना म्हणायला लागल्या, ताईकडे बघा, एवढी मोठी नोकरी सांभाळून गरिबांसाठी किती करते. काम तेच, लोक तेच, पोरगीही तीच. पगार बंद झाला आणि इज्जत चालू झाली.

आणि मग इथल्या मराठी लोकांच्या मंडळानं तिचा सत्कार ठेवला. एका शाळेचा हॉल घेतला होता. शाल, नारळ आणि काचेचा एक ठोकळा, त्यावर तिचं नाव. नारळ इंडियन ग्रोसरीतून आणलेला, किमतीचं स्टिकर तसंच. सत्कार डॉक्टरच्या हस्ते. त्यानं फार सुंदर भाषण केलं. निःस्वार्थ सेवा म्हणाला, आपली संस्कृती म्हणाला, आजकालच्या पिढीला सगळं फुकट हवं असतं आणि ही मुलगी बघा, स्वतः फुकट देते, असं म्हणाला. नंतर तिच्या खांद्यावर शाल घातली. ती सरकून खाली पडली, मग त्यानं परत घातली.

नातीला माइक दिला. ती शाल सावरत मराठीत बोलली, हळूहळू, शब्द शोधत. "थँक यू. मी हेच काम पगार घेऊन करायचे तेव्हा जास्त चांगलं करायचे. तेव्हा आठवडाभर करायचे. आता फक्त शनिवारी करते. शनिवारी कोर्ट बंद असतं. कोर्ट चालू असतं तेव्हा लोकांना घराबाहेर काढतात, आणि तेव्हा मी वायपरचं ॲग्रीमेंट वाचत असते. थँक यू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात डॉक्टर वाजवत होता. सूनही वाजवत होती, कारण शेजारच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. माझा मुलगा तेवढा मांडीवर हात ठेवून बसला होता.  

नात नारळ काखेत धरून माझ्याजवळ येऊन बसली. "आजी," ती म्हणाली, "मी सिरियसली बोलले. मग ते एवढ्या टाळ्या का वाजवत होते?"

"तू शेवटची होतीस," मी म्हटलं. "तुझ्यानंतर जेवण होतं."